बक्षिसाच्या तोंडाशी चिप्स कमी असताना काय करायचं? मदत हवी आहे
मंडळी, छोट्या पोकर टूर्नामेंटमध्ये मी परत परत पैशाच्या एक जागा आधी बाहेर पडतोय. कालचाच हात (डाव) सांगतो. 18 जण, बक्षीस पहिल्या 4 जणांना, 40-30-20-10 टक्के, आणि आम्ही 5 उरलेलो. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांना लावावी लागणारी छोटी आणि मोठी, म्हणजे बिग, रक्कम) 200/400, माझ्याकडे 2800 म्हणजे फक्त 7 बिग ब्लाइंड. मी बटणावर (डीलरच्या जागी, माझ्यामागे फक्त दोन ब्लाइंडवाले), हातात इस्पिक एक्का आणि बदाम अठ्ठी, माझ्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलेलं (पत्ते टाकलेले), म्हणून सरळ ऑल इन गेलो, सगळ्या चिप्स लावल्या. बिग ब्लाइंडला सगळ्यात मोठा स्टॅक (चिप्सचा साठा), 12000 वाला, त्याने बादशहा-गुलामवर कॉल केला (तेवढ्याच चिप्स लावल्या) आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, गुलाम आला. संपलं.

पत्त्यांत मी पुढे होतो, त्याचं दुःख नाही. पण टेबलवर एकाकडे 700च चिप्स होत्या आणि पुढच्याच हाताला बिग ब्लाइंड त्याच्यावर येणार होता, हे मी बघितलंच नाही! मला अजून दोन हात फुकट मिळत होते, तेवढ्यात तो बहुतेक गेला असता. आयसीएमप्रमाणे (चिप्सची बक्षिसाच्या पैशांत किंमत काढायची पद्धत) गमावलेल्या चिप्स कमावलेल्यांपेक्षा महाग पडतात हे माहितीय, पण टेबलवर बसून त्याचा हिशोब कसा करता?

अशा वेळी तुम्ही एक्का-अठ्ठी फोल्ड करता का? आणि बिग ब्लाइंडला मोठ्याऐवजी मधला स्टॅक असता, ज्याला बाहेर पडायची भीती आहे, तर किती हलक्या पत्त्यांवर ऑल इन जाता? नुसतं थांबत राहिलं तर 3-4 ब्लाइंड उरतात आणि मग कोणी घाबरतच नाही, तिथे नेमकी रेघ कुठे ओढायची ते कळत नाहीये.