साठाच्या लयीचा अट्टहास कशासाठी?

कॉर्नेटवाला, मडगाव: ट्रम्पेटचा प्रत्येक व्यायाम महिनाभर मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावूनच वाजवावा, वेग आपोआप येतो, हा परवा येथे दिलेला सल्ला वाचून राहवले नाही. कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्क यांच्या १९१२च्या 'टेक्निकल स्टडीज' या पुस्तकातले व्यायाम अगदी हलक्या आवाजात, एका श्वासात वाजवायचे असतात. साठावर श्वास मध्येच संपतो आणि व्यायामाचा हेतूही. चार-चार मात्रांचे सोळा बार एकशेवीसवर बत्तीस सेकंदांत होतात, साठावर चौसष्ट लागतात. तेवढा वेळ ओठ माउथपीसखाली दाबलेले राहतात, त्याचे काय?

तबलजी, फोंडा: सल्ला माझाच होता. तबल्यातला कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, आधी ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत बसवतात, आणि बोल स्वच्छ निघेपर्यंत गुरू पुढे सरकू देत नाहीत. हल्लीच्या मुलांना मात्र मोबाइलवर पाहून आठवड्यात द्रुत लय हवी असते. माझाच मुलगा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो; घाईत बसलेली चूक काढताना घरात काय रामायण होते, ते मी रोज ऐकतो.

कॉर्नेटवाला, मडगाव: म्हणजे आपण स्वतः ओठ न लावताच सल्ला दिलात! तबल्याच्या बोटांना श्वास धरावा लागत नाही. 'ता-का' डबल टंगिंग, म्हणजे जिभेच्या टोकाने 'ता' आणि मागच्या भागाने 'का' असे आलटून पालटून फुंकणे, फार सावकाश केले, तर प्रत्येक अक्षर सुटे फुंकले जाते आणि जिभेला तो झोका सापडतच नाही. तरीही 'का' दुबळा पडत असेल तर तेवढ्यापुरते हळू वाजवावे, याला माझी ना नाही.

फेस्तवाली, सासष्टी: दोघांच्या भांडणात सूर राहिला. ट्रम्पेटवर खालचा रे पहिली-तिसरी कळ (व्हॉल्व्ह) दाबून चढा लागतो, म्हणून अनामिकेने तिसरी स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता भाग, बाहेर सरकवावी लागते. एकशेवीसवर ती सरकली की नाही, हे वाजवणाऱ्यालाही कळत नाही. आमच्या बँडमधला एक मुलगा सगळे भरधाव वाजवून तयार झाला होता. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, मिरवणुकीत संथ भजन आले, आणि उन्हात तापून आधीच चढलेल्या वाद्यावर त्याचा तो रे सगळ्या वाड्याने ऐकला.

कॉर्नेटवाला, मडगाव: ठीक आहे, लांब स्वर आणि स्लाइड यांच्यासाठी साठ तुमचे. क्लार्कला मात्र हात लावू नका.

तबलजी, फोंडा: क्लार्कपुरते मानतो, कारण फुंकणारे आपण आहात. पण माझ्या मुलाचा रे सुरात लागेपर्यंत आमच्या घरी मेट्रोनोम साठावरच राहील.