मदत हवी आहे: वायकिंग बाईच्या गळ्यातलं सोनं नेमकं कोणाचं?

नमस्कार. मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. नववीच्या मुलांसाठी वायकिंगांवर एक सादरीकरण करतेय आणि दागिन्यांपाशी अडकलेय.

माझं माहेर सोनाराचं. परवा बाबांना हिडेन्सेच्या दागिन्यांचे फोटो दाखवले. बाल्टिक समुद्रातल्या या जर्मन बेटावर १८७० च्या दशकात समुद्राला उधाण येऊन गेल्यावर हे सोनं मिळालं. दहाव्या शतकातले १६ नग, मिळून सुमारे ६०० ग्रॅम. त्यात क्रॉसच्या आकाराची दहा पदकं आहेत, वरच्या टोकाला शिकारी पक्ष्याचं डोकं. बाबा बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते. मग म्हणाले, "पत्रा ठशावर दाबून उठाव काढलाय, वर तार आणि डाक देऊन रवे बसवलेत. हात फार बारीक आहे." आणि खरोखरच, अशा पदकांचे ठसे हेडेबी या वायकिंगांच्या व्यापारी गावाच्या बंदरात सापडलेत!

माझा घोळ असा. चित्रांमध्ये ज्याच्या त्याच्या अंगावर सोनं दिसतं. पण व्यवहार तर चांदीवर चालायचा: अरबी दिरहम, तोडलेली कडी, तराजू. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज इथे १९९९ मध्ये चांदीच ६७ किलो निघाली. मग सोनं कशासाठी? डेन्मार्कच्या टिस्सो सरोवराजवळ मिळालेला गोफ १.८ किलोचा आहे, म्हणजे आजचे १८० तोळे! आणि बायकांचं सोनं आपल्या स्त्रीधनासारखं त्यांचं स्वतःचं असायचं का?

प्रतिसाद १
ताई, चित्रं बाजूला ठेवा. रोजच्या वापरात बायकांच्या खांद्यांवर काशाच्या लंबगोल ब्रोचची जोडी असे. सोनं मूठभर घरांत.

मालकीबद्दल: इब्न फदलान या अरब प्रवाशाने ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठी रुस (पूर्वेकडे गेलेले वायकिंग) व्यापारी पाहिले. तो लिहितो, नवऱ्याकडे दहा हजार दिरहम झाले की बायकोच्या गळ्यात एक कडं, वीस हजार झाले की दोन. म्हणजे घालायची ती, पण मोजली जायची त्याची श्रीमंती. आइसलंडच्या नंतर लिहून काढलेल्या कायद्यात माहेरहून आणलेली मालमत्ता बाईचीच राहते, तेव्हा स्त्रीधनाची तुमची शंका अगदीच अस्थानी नाही. फक्त त्यावरून गळ्यातलं कडंही तिचंच होतं असं मुलांना सांगू नका.

प्रतिसाद २
सोनं कशासाठी, तर माणसं बांधून ठेवण्यासाठी. त्यांच्या कवितेत उदार राजाला 'कडं तोडणारा' म्हणतात, कारण तो सोनं तोडून आपल्या योद्ध्यांना वाटतो. ८७६ मध्ये डेन (डेन्मार्ककडच्या वायकिंगांच्या) सैन्याने इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेडसमोर शपथ घेतली तीही पवित्र कड्यावर.

नॉर्वेतला होनचा ठेवा जरूर दाखवा (नाव आपल्या नाण्यासारखं, संबंध काही नाही). १८३४ मध्ये मिळाला, सोनं सुमारे अडीच किलो. बायझंटाइन, अरबी, फ्रँकिश (आजच्या फ्रान्स-जर्मनीकडची) नाणी, सगळ्यांना कड्या लावून पदकं केलेली. त्यातला तीन पाकळ्यांचा ब्रोच मुळात फ्रँकिश तलवारीच्या पट्ट्यावरचा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सोन्याने मढलेल्या वायकिंगचं चित्र काढून टाकलं, त्या जागी काशाची जोडी आणि होनची नाणी घेतली. बाबांना मात्र त्या तीन पाकळ्यांच्या ब्रोचची मागची बाजू पाहायची आहे, पट्ट्याच्या नगाला टाचणी कशी जोडली ते. कुणाकडे स्पष्ट फोटो असेल तर कृपया इथे टाका.