उभं मॉर्टायझिंग मशीन: गरज की हौस?

चौकटवाला

आमच्याकडे दारांच्या चौकटी, पॅनेलची दारं आणि मधूनमधून टेबल-खुर्च्या असं मिश्र काम असतं. खाचा पाडायला टेबलावर ठेवायचं अर्ध्या एचपीचं मशीन आहे. तेच नेहमीचं: चौकोनी पोकळ पटाशी आणि तिच्या पोटात फिरणारं बिट. १० मिमीच्या पटाशीपर्यंत तक्रार नाही. १६ मिमीची लावून कडक लाकडाला हात घातला की कारागीर हँडलला अक्षरशः लोंबकळतो, आणि पटाशी वर घेताना लाकूडही तिच्यासोबत वर येतं.

जमिनीवर उभं राहणारं घ्यायचं माझ्या मनात आहे. त्यात सरकतं टेबल पाहिजेच, म्हणजे दोन चाकं फिरवून लाकूड डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे नेता येईल असं. डोकं तिरकं होणारं मिळालं तर सोन्याहून पिवळं. भागीदाराचं म्हणणं उलट: आहे त्याच मशीनला चांगल्या पटाश्या घे, नीट धार लाव, बाकी सगळी हौस. माझं मत खोडून काढा, नाहीतर त्याचं.

सहाण

मी भागीदाराच्या बाजूने.

नवी पटाशी उजेडात धरून आत बघा. आतल्या चारही उतारांवर घासणीच्या खरखरीत रेघा दिसतील. बहुतेक लोक ती तशीच लावतात आणि मग मशीनला नावं ठेवतात. शंकूच्या आकाराचं, मधोमध गाइडची दांडी असलेलं धार लावायचं कटर मिळतं. ते रेघा जाईपर्यंत फिरवायचं. मग पटाशीच्या बाहेरच्या चार बाजू सपाट दगडावर नुसत्या टेकवून बर (कडेला उरलेली धातूची बारीक कोर) काढायचा. बाहेरून जास्त घासलं की माप उतरतं आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) खाचेत जाता जात नाही.

दुसरं, बिटाचं टोक आणि पटाशीचं तोंड यांच्यातली फट. मिलिमीटरभर, फार तर दीड. ती नसेल तर बिट पटाशीच्या तोंडावर घासतं, दोन्ही तापतात, स्टील निळं पडतं आणि पाणी उतरतं, म्हणजे धार टिकवणारा कडकपणा जातो. फट फार ठेवली तर मोठे छिलके आत शिरून अडकतात, त्यानेही तापतंच. सोपी रीत अशी: पटाशीचा खांदा आणि बुश (मशीनमधली पटाशीचा दांडा धरणारी नळी) यांच्यामध्ये एक पातळ नाणं धरून पटाशी तात्पुरती आवळायची, बिट वर पूर्ण दाबून चक घट्ट करायचं, मग नाणं काढून पटाशी खांद्याला टेकेपर्यंत वर सरकवायची. नाण्याच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते.

हे न करता मशीन बदललंत तर नव्या हँडललाही लोंबकळाल.

लोखंडी पाय

धारेबद्दल वाद नाही. पण सहाण, हिशोब करून बघा. चौकोनात बसणारं गोल भोक चौकोनाचं ७८.५ टक्के क्षेत्र घेतं, ते मोटर कापते. उरलेले २१.५ टक्के म्हणजे चार कोपरे. ते कापते पटाशी, म्हणजे हँडल दाबणारा माणूस. १० मिमीला हे कोपरे मिळून साधारण २१ चौरस मिमी होतात, १६ मिमीला ५५, २५ मिमीला १३४. पटाशीच्या बाजू लाकडाला घासतात ते यात धरलेलंच नाही. धार कितीही लावा, १६ मिमीला १० मिमीच्या अडीचपटीहून जास्त लाकूड हातानेच कापायचं आहे.

म्हणूनच मशीन घेताना आधी एचपी विचारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कोपरे एचपी कापत नाही. हँडल किती लांब, त्याच्या मागच्या रॅक-पिनियनची (डोकं खाली-वर नेणारी दातेरी पट्टी आणि चाक) ताकद किती, खांब किती जाड, हे विचारा. टेबलावरच्या मशीनवर जोर दिला की डोकं मागे झुकतं, डोळ्याला दिसत नाही, पण खोल खाच तळाशी तिरकी होते आणि दार जुळवताना उभी आणि आडवी पट्टी एका पातळीत येत नाही. उभ्या मशीनचा बिडाचा खांब आणि डव्हटेल सरकपट्टी (डोकं जिच्यावर वर-खाली सरकतं ती तिरक्या कडांची पट्टी) यांचेच पैसे असतात.

आणि लाकूड वर येतंय म्हणता, त्यावर धार हा उपाय नाहीच. लहान मशीनवर लाकूड दाबून धरायला नुसता एक काटा असतो. मोठ्यावर पुढून चाक फिरवून लाकूड फेन्सला (मागच्या सरळ टेकणीला) आवळणारा वाइस, म्हणजे शिकंजा, असतो, आणि तो टेबलासोबत सरकतो. लाकूड एकदा बांधलं की अख्खी खाच पाडून होईपर्यंत सोडायचं नाही. दिवसभर चौकटी करणाऱ्याला खरा फरक इथे कळतो.

गोल कोपरा

तुम्ही सगळे चौकोनातच का अडकलात? स्लॉट मॉर्टायझर बघा. आडवं बिट, लाकूड किंवा डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, खाच तयार. टोकं गोल येतात, येऊ देत. दोन्ही भागांत खाच पाडा आणि मधला कुसू वेगळा, कडा गोल करून लांब पट्टीतून कापून घ्या. खाचेच्या भिंती पोकळ पटाशीच्या भिंतींपेक्षा गुळगुळीत येतात, सरस नीट धरतो. लोंबकळायचा प्रश्नच नाही, कारण कोपरे नाहीतच.

लोखंडी पाय

टेबल-खुर्च्यांपुरतं मान्य. दाराच्या उभ्या पट्टीला ७५-८० मिमी खोल खाच लागते. १२ मिमीचं बिट तेवढं बाहेर काढून बाजूने कापायला लावलं की थरथरतं. थोडं थोडं खोल जात बसावं लागतं. शिवाय आरपार कुसू बाहेरून दिसणार असेल तर गोल टोक कोण चालवून घेईल? शेवटी हातात पटाशी घेऊन कोपरे तासायचेच.

गोल कोपरा

आरपार खाच आजकाल किती दारांना असते ते तरी सांगा! थरथरीचं म्हणाल तर पाच-सहा मिमीचे थर घेत गेलं की जातं. घाई असेल तर मात्र तुमचं खरं.

खुर्चीवेडा

तिरक्या डोक्यावर कुणी बोललंच नाही. खुर्ची करणाऱ्याला ते हवंच. बहुतेक खुर्च्यांची बैठक मागे अरुंद असते, बाजूच्या पट्ट्या मागच्या पायात काही अंश तिरक्या जातात. खाच तिरकी पाडली की कुसू सरळ ठेवता येतो, लाकडाच्या रेषा कुसवात सरळ जातात, मजबुती राहते.

पाचर

पण त्यासाठी अख्खं डोकं फिरवायचं? फेन्स आणि लाकूड यांच्यामध्ये त्याच अंशाची उतरती फळी घाला, झालं. चार पायांना चार वेळा तीच फळी, कोन तसूभर बदलत नाही. फिरणारं डोकं म्हणजे आणखी एक सांधा, आणि तो शून्यावर परत आणताना गुण्या लावत बसा. चौकटवाल्यांचं नव्वद टक्के काम काटकोनातलं दिसतंय. ज्या सोयीमुळे रोजच्या कामात ढिलाई शिरू शकते ती कशाला पदरात घ्यायची?

खुर्चीवेडा

चांगल्या मशीनला शून्यावर पिन असते हो, खटकन बसते. स्वस्तातल्याला नसते, तिथे तुमचं बरोबर.

चौकटवाला

सगळ्यांचे आभार. धारेचं आणि फटीचं उद्याच करून बघतो, त्याला काही लागत नाही. तिरकं डोकं यादीतून काढलं; फळीची युक्ती पटली. गोल कोपरा, स्लॉटवालं आवडलं पण आमची दारं आरपार कुसवाचीच असतात, गिऱ्हाईक मागतं. आता एक वापरलेलं उभं मशीन बघायला जायचंय, जुनं, जड, थ्री फेज. बघताना काय बघू?

लोखंडी पाय

मोटर बंद ठेवून डोकं अर्ध्यावर आणा, पटाशी हाताने धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवली तर गिबचे (सरकपट्टीतली ढिलाई काढणाऱ्या पातळ पट्टीचे) स्क्रू आवळून ती जाते का बघा. जात असेल तर हरकत नाही. आवळल्यावर मधे सैल आणि वर-खाली घट्ट लागलं, तर सरकपट्टी मधेच झिजलीय, सोडून द्या.

मग लाकडावर बघा. फेन्सपासून गुण्या लावून पटाशीची बाजू समांतर करा, चाक फिरवत एकाला लागून एक अशी सहा-सात भोकं पाडा. खाचेच्या भिंतीवर नख फिरवा. करवतीच्या दातांसारख्या पायऱ्या लागल्या तर एकतर पटाशी फिरलीय किंवा टेबल सरकताना वाकडं जातंय. पटाशी सारखी करून पुन्हा पाडा. पायऱ्या तशाच राहिल्या तर दोष टेबलात.

बुशचं माप घ्यायला विसरू नका. लहान मशीनच्या पटाश्यांचा दांडा साधारण १६ किंवा १९ मिमीचा असतो, मोठ्या मशीनवर २८ मिमीच्या पुढचाही लागतो. मधला स्लीव्ह मिळाला नाही तर तुमच्या सगळ्या जुन्या पटाश्या खणातच पडून राहतील.

सहाण

आणि तिथे एकाला लागून एक भोकं चाचणीपुरतीच पाडा हं. रोजच्या कामात आधी दोन टोकं, मग मधे पटाशीच्या रुंदीपेक्षा थोडं कमी लाकूड सोडत सोडत भोकं, आणि शेवटी ते मधले तुकडे. दोन्ही बाजूंना सारखा आधार राहतो, पटाशी रिकाम्या बाजूला ओढली जात नाही. अर्ध्या एचपीच्या मशीनवरही हे करून बघा. कदाचित मशीन बघायला जायची गरज उरणार नाही.

लोखंडी पाय

उरेल. १६ मिमी, कडक लाकूड, दिवसाला चार चौकटी. एक आठवडा तुम्ही ते हँडल ओढून बघा, मग बोलू.

पाचर

थ्री फेजचं कनेक्शन नसेल तर सिंगल फेजवरून व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करून मोटर चालवणारं यंत्र) लावून चालवता येतं, पण तो मोटरच्या एचपीला पुरेल असा घ्या. आणि टेबलाच्या दोन्ही टोकांना रोलरचे स्टँड ठेवा. सात फुटी उभी पट्टी एका बाजूला लोंबली की टेबल कितीही बिडाचं असलं तरी त्या बाजूला दबतंच.

चौकटवाला

कनेक्शन आहे. रोलर नाहीत, ते बनवून घेतो. भागीदारालाही सोबत नेतोय, १६ मिमीची पटाशी आणि आमच्याकडचं सगळ्यात कडक लाकूड घेऊन. हँडल तोच ओढेल.