दशांश चिन्ह, मेडिक्लेम आणि ब्लॉकचेन (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

अनघा जोशी (ए-३०२): ह्यांचा मेडिक्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र आज आलं. ओपीडीच्या केस पेपरवर 'बीपी १.५ वर्ष' आहे. डिस्चार्ज कार्डावर उतरवताना टिंब राहिलं आणि झालं 'बीपी १५ वर्ष'. कंपनी म्हणते, जुना आजार लपवून पॉलिसी घेतली. केस पेपर दाखवला तर म्हणतात, टिंब मागाहून दिलं नाही कशावरून? मेडिकल रेकॉर्ड ब्लॉकचेनवर ठेवायला हवेत असं निखिलने काल टाकलं होतं ना? ते असतं तर हे टळलं असतं का?

निखिल (सी-१०४): काकू, फार वाईट झालं. हो, टळलं असतं. ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर मिळून ठेवलेली नोंदवही. चेनवर एकदा नोंद गेली की कुणालाच बदलता येत नाही. एस्टोनियाने सगळ्या नागरिकांची मेडिकल हिस्टरी ब्लॉकचेनवर ठेवली आहे. आपल्याकडे हे कधीच यायला हवं होतं.

मुग्धा (बी-५०४): निखिल, माझं काम हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधलंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. एस्टोनियाने रेकॉर्ड चेनवर ठेवलेले नाहीत. ते नेहमीच्या सर्व्हरवरच असतात. २००७ मध्ये त्या देशावर मोठा सायबर हल्ला झाला. सरकारी नोंदींना कुणी हात लावला तर लगेच कळलं पाहिजे, ही गरज तेव्हा प्रकर्षाने जाणवली. २०१६ मध्ये असा फेरफार पकडणारं गार्डटाइम कंपनीचं ब्लॉकचेनचं तंत्र आरोग्य नोंदींसाठीही घेतलं. चेनवर जातो तो नोंदीचा हॅश, म्हणजे नोंदीवरून गणिताने काढलेला तिचा ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत नोंद एका पानाची असो की शंभर, हॅश ६४ अक्षरांचाच. आणि नोंदीतलं एक टिंब जरी हललं तरी पूर्ण वेगळा.

आता काकूंचं बघ. डिस्चार्ज कार्डावर कुणी नंतर फेरफार केलेला नाही, ते पहिल्यापासूनच चुकीचं लिहिलं गेलं. चेनने ती चूकही तितक्याच इमानाने जपली असती. पण ओपीडीच्या नोंदीचा हॅश चेनवर जाऊन ती त्याच दिवशी सीलबंद झाली असती, तर '१.५' हे ॲडमिट होण्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं आहे, हे कंपनीला मान्य करावंच लागलं असतं. मला या तंत्राचा खरा उपयोग इथे दिसतो. लिहिलेलं खरं की खोटं हे चेन सांगत नाही. ते कधी लिहिलं आणि नंतर बदललं का, हे सांगते. क्लेमच्या भांडणात बहुतेक वेळा पेशंटच्या हातात नेमकं तेच नसतं.

निखिल: हे पटलं. पण मग स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे अट पूर्ण झाली की आपोआप अमलात येणारा कोडमधला करार? टीपीए (कंपनीसाठी क्लेम तपासणारे मध्यस्थ), मंजुरी, फोनाफोनी काहीच नको. डिस्चार्ज झाला की पैसे जमा.

मुग्धा: ॲक्सा या फ्रेंच विमा कंपनीने २०१७ मध्ये फिझी नावाची पॉलिसी आणली होती, इथेरियम या ब्लॉकचेनवर. विमान दोन तासांहून जास्त लेट झालं की भरपाई आपोआप. २०१९ मध्ये बंद केली. आणि विमान कधी उतरलं याबद्दल तरी वाद होत नाही. ऑपरेशन खरंच गरजेचं होतं का, हे कोड कसं ठरवणार? तिथे डॉक्टरच लागतो. वेळेचा प्रश्न नियमानेही सुटू शकतो. कॅशलेसचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत, असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२४ मध्येच बजावलंय. त्याची अंमलबजावणी मागूया.

डॉ. साने (बी-१०२): निवृत्त फिजिशियन म्हणून मला काळजी वेगळीच आहे. मानसोपचार, एचआयव्ही, गर्भपात या नोंदी फुटल्या तर माणसं आयुष्यातून उठतात. नुसता हॅश ठेवला तरी मला भरवसा वाटत नाही.

मुग्धा: डॉक्टर, तुमची शंका रास्त आहे. रिपोर्टची दोनच उत्तरं असली, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह, तर दोन्हींचे हॅश काढून कुणीही ताडून पाहील. म्हणून हॅश काढण्याआधी प्रत्येक नोंदीत एक गुप्त आकडा मिसळावा लागतो. हे न करता कुणी सिस्टिम विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवावं. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसायला सांगायच्या हक्काची तरतूद आहे, आणि चेनवरचं तर पुसता येत नाही. तेव्हा माहिती चेनबाहेरच हवी.

डॉ. साने: मग आभा या सरकारी आरोग्य कार्डाचं काय? ते ब्लॉकचेन आहे का?

मुग्धा: नाही. आभा म्हणजे १४ अंकी नंबर. रेकॉर्ड ज्या त्या हॉस्पिटलकडेच राहतात, तुम्ही संमती दिलीत की दुसऱ्याला दिसतात. ही रचना मला चांगली वाटते. कुणी, कधी, कुणाच्या संमतीने पाहिलं आणि कुणी काय दुरुस्त केलं, एवढी नोंदवही चेनवर असावी असं माझं मत आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये 'विश्वस्य' नावाची ब्लॉकचेन यंत्रणा सुरू केलीय. एनआयसी या सरकारी कॉम्प्युटर संस्थेच्या ज्या तीन डेटा सेंटरमध्ये ती आहे, त्यातलं एक आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे साधनं हाताशी आहेत.

देशपांडे (ए-१०१): मी विमा क्षेत्रातून निवृत्त झालो, म्हणून विचारतो. अनघाताई, पॉलिसी कधीची? खंड पडलाय का? रक्कम मध्ये वाढवली होती का?

अनघा जोशी: २०१७ ची, खंड नाही. दोन वर्षांपूर्वी ३ लाखांची ५ लाख केली. बिल २ लाख ८० हजार.

देशपांडे: मग तुमची बाजू भक्कम आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की आजार सांगितला नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. हा आयआरडीएआयचा २०२४ चा नियम आहे, आधी ८ वर्षं होती. वाढवलेल्या रकमेचे ६० महिने वाढवल्यापासून मोजतात, पण तुमचं बिल मूळ ३ लाखांतच बसतंय. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नारायण पेठेत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. अर्ज मी लिहून देतो.

मुग्धा: काकू, सोबत हॉस्पिटलकडे दोन गोष्टी लेखी मागा. ओपीडीची नोंद सॉफ्टवेअरमध्ये केली असेल, तर कुठल्या तारखेला आणि किती वाजता, त्याची प्रिंट. आणि डिस्चार्ज कार्डावर दुरुस्तीचं पत्र, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी. जुनं कार्ड परत देऊ नका, दोन्ही कागद अर्जाला जोडायचेत.

अनघा जोशी: उद्या सकाळीच जाते. डॉक्टर, तुम्ही याल का बरोबर?

डॉ. साने: दहाला गेटवर भेटू.