आईबाबांच्या लग्नाचा अल्बम सापडला, तुमच्याकडे काय काय निघालं?

परवा भाच्याच्या लग्नाचे फोटो आले, पेनड्राइव्हमध्ये चार हजार. शंभरेक बघून दमले आणि एकदम आठवलं, आईबाबांचा अल्बम कुठंय? माळ्यावर निघाला, जुन्या सुटकेसमध्ये अभ्र्यांखाली. काळी जाड पानं, फोटोच्या कोपऱ्यांना ते चिकटवायचे त्रिकोण, मध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. फोटो एकूण २३. बाबा इतके काटकुळे की ओळखूच येईनात. पण एका ग्रुप फोटोत आईच्या शेजारी चक्क चौकोनी भोक! कुणाचा तरी चेहरा कात्रीने नीट कापून घेतलाय. डोक्यात भुंगा लागलाय नुसता. तुम्हीही लिहा.

—

भोक म्हणजे नक्की भांडण. आमच्याकडे एका काकांच्या तोंडावर पेनाने फुली आहे, वाटणीनंतरची 😀

—

२३ म्हणजे चैन की. आजीआजोबांचे १२च आहेत, चौकोनी फोटोंच्या रोलमध्ये तेवढेच बसायचे. त्यातही एकदा रोल पुढे सरकवायला विसरले त्यामुळे आजोबांच्या छातीतून मामाआजोबा उगवलेत. तोच फ्रेम केलाय, कारण आजी फक्त त्यातच हसलीये.

—

आमचा तो चिकट पानांवर प्लास्टिकवाला अल्बम, मी फोटो ओढला आणि आत्या अर्धी तिथेच राहिली. रडले अक्षरशः. नंतर कळलं दात साफ करायचा दोरा खालून करवतीसारखा हळूहळू फिरवायचा. बाकीचे निघाले तसे. नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा, हट्ट नको.

—

काचेला चिकटलेल्यांचंही तेच, काचेसकट स्कॅन.

—

आमचे १९७८चे रंगीत सगळे लालभडक झालेत आणि आजीचे ब्लॅक अँड व्हाइट ठणठणीत, असं कसं??

—

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खरी चांदी असते ताई. रंगीतमधली चांदी धुताना निघून जाते, उरतो नुसता रंग, आणि त्या काळच्या बऱ्याच कागदांवर निळसर रंग आधी उडायचा मग लाल राहतो. जुन्या फोटोंच्या कडेला आरशासारखी चकाकी येते ना, ती चांदीच वर आलेली. पुसत बसू नका.

—

फोटो नाहीत आमच्याकडे, घरात पाणी शिरलं तेव्हा गेले. आईचं लग्नातलं घड्याळ आहे, चावी दिली की दोनेक मिनिटं चालतं आणि थांबतं. मी देते अधूनमधून. बाळ उठलं, पळते

—

व्हीसीआर आहे का हो कुणाकडे? काकाच्या लग्नाची कॅसेट आहे, टेपवर पांढरं पांढरं दिसतंय

—

बुरशी आहे ती, अजिबात लावू नका, टेपही जाईल आणि मशीनही. आधी साफ करून देणारा गाठा. आणि व्हीसीआर जपा, २०१६ला शेवटच्या कंपनीनेही बनवायचे बंद केले.

—

फोटोंमागे नावं लिहून ठेवा रे! मऊ पेन्सिलने, बॉलपेनचं पुढून उमटतं. आमच्याकडे एक बाई १४ फोटोंत आहेत, प्रत्येकात पुढे, आणि मुलाकडच्या की मुलीकडच्या हेच ठरत नाहीये.

—

आमच्याकडे पण बघते, त्याच असतील 😀

—

आईला फोन केला होता भोकाचं विचारायला. मावशी निघाली! कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि घरात तिचा दुसरा फोटोच नाही, म्हणून आईनेच कापून दिला, स्वतःच्या लग्नाचा फोटो. मावशी गेल्या वर्षी गेली. तो फॉर्म कुठल्या गठ्ठ्यात असेल, रद्दीत गेला असेल, हेच चाललंय सकाळपासून डोक्यात.

—

म्हणजे भांडण नाहीच? अरेरे 😀

—

अहो पुढचं वाचा की.

—

सॉरी सॉरी, अर्धंच वाचलं होतं. वाईट वाटलं. अ‍ॅडमिशन मिळाली का पण मावशींना?

—

मिळाली. पहिल्याच वर्षी नापास झाली, आई अजून सुनावते.