खाऱ्या हवेला कंटाळून एबीएस काढायचं?

जांभेवाला:
परवा इथे एकाने मोटारसायकलच्या एबीएसबद्दल (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) लिहिलं की, "कोकणात एबीएस म्हणजे नुसती डोकेदुखी. माझ्या २०१२च्या गाडीचं युनिट काढून टाकलं, सरळ पाइप जोडले, ब्रेक पहिल्यापेक्षा कडक झाला. जुन्या गाडीवाल्यांनो, काढून मोकळे व्हा." खाली लगेच लोक विचारायला लागले, कुठल्या गॅरेजात काढून देतात म्हणून. माझं डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मीटरमधला एबीएसचा दिवा पेटला की युनिट (ब्रेक ऑइलचा दाब सांभाळणारा एबीएसचा मुख्य भाग) गेलं, असं आपल्याकडे धरूनच चालतात. माझं घर आरे-वाऱ्याच्या रस्त्याला, अंगणातून समुद्र दिसतो. गाडीवर रात्रीत मिठाचा थर बसतो. सहा वर्षांत माझा दिवा तीनदा पेटला. पहिल्यांदा पुढच्या चाकाच्या सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा कीस आणि लाल माती यांचा लगदा चिकटलेला होता, जुन्या टूथब्रशने निघाला. दुसऱ्यांदा सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. तिसऱ्यांदा चाकावरची दातांची रिंग, जिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो, गंजून फुगली होती, ती बदलली. युनिटला एकदाही हात लावावा लागला नाही.

आणि ब्रेक ऑइल. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळायला हवं, पाणी धरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. इथे सात-सात वर्षं तेच काळं ऑइल फिरतं आणि युनिटच्या आतले बारीक व्हॉल्व्ह सडतात. तुमचा ब्रेक "कडक" झाला तो एबीएस गेलं म्हणून नव्हे. नवं ऑइल पडलं आणि पाइपातली हवा निघाली म्हणून.

गेल्या जुलैत आंबा घाटात धुक्यातून म्हैस समोर आली. सगळा ब्रेक दाबला. लिव्हर बोटांखाली थडथडत होता, एबीएस काम करतं तेव्हा तसंच होतं, आणि गाडी सरळ रेषेत थांबली, म्हशीच्या पोटापासून हातभर अंतरावर. ते थडथडणं अजून हाताला आठवतं.

घाटवाट:
ते लिहिणारा मीच. सेन्सर साफ केला, कनेक्टर साफ केला, ऑइल दोनदा बदललं, तेव्हा मला टूथब्रश शिकवू नका. लिव्हर दाबून धरला की हळूहळू मुठीकडे सरकायचा. युनिटमध्ये आत गळतंय असं गॅरेजात सांगितलं. नव्या युनिटचे ४५ हजार, आणि गाडी विकली तर ६० येतील. तुम्ही भरता का?

एबीएसची सक्ती १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९पासून आली. माझं मॉडेल त्याआधी एबीएसशिवायही विकलं जात होतं. ती माणसं काय रोज मरत होती? खोदून ठेवलेल्या हायवेवर जांभ्याच्या सुट्या चुऱ्यात एबीएस उलट जास्त लांब नेतं, हेही लिहायचं होतं.

आणि ज्या दिवशी मी पडलो त्या दिवशी एबीएस चालू होतं! हातखंब्याच्या उतारावर, वळणात, तारली मासळीच्या टेम्पोतून सांडलेल्या पाण्यावरून घसरून. कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही.

मालवणी माणूस:
आधी माशांचे टेम्पो बंद करा, मगे एबीएसचा काय ता बोला! कणकवलीच्या पुढे सकाळी सहाला हायवे तेलासारखा चकचकतो. माझ्या मेहुणीचा स्कूटरवरून पडून खुबा मोडला. सहा महिने खाटेवर. ना एबीएस, ना काही.

सुरमई:
आमच्या घरचे मासळीचे दोन टेम्पो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला जातात. सगळं खापर आमच्यावर फोडू नका. बर्फ वितळणारच. बर्फ कमी घातला तर माल पोहोचेपर्यंत मऊ पडतो, मग तुम्हीच नाक मुरडता. पावसाने ओला झालेला रस्ताही लोक आमच्याच नावावर लिहितात.

मालवणी माणूस:
पावसाक वास येतो काय? बर्फ वितळतो ते कळतं. घाट चढताना वितळलेल्या पाण्याच्या टाकीचं बूच मुद्दाम काढतात, वजन कमी व्हावं म्हणून. मी स्वतः मागे होतो, फोंडा घाटात. वळणावर धार सुटली ती थेट माझ्या हेल्मेटच्या काचेवर. काच पुसली तर हाताला तेल. तुमच्या घरच्या कोणाचा खुबा मोडला असता तर बर्फाचं सांगितलं असतंत का?

सुरमई:
घरच्यांपर्यंत जाऊ नका. माझा भाऊ रात्री दोनला निघतो, सकाळच्या लिलावाला पोचला नाही तर अख्खी खेप तोट्यात. (थोडं थांबून पुन्हा लिहितेय.) बूच काढतात ती पोरं आहेत, खोटं बोलणार नाही. आमच्या ड्रायव्हरला मी याच कारणाने एकदा घरी बसवलंय. पण पाणी सोडायला घाटाखाली एक तरी जागा द्या. कुठेच नाही. हॉटेलवाले दारात उभं राहू देत नाहीत.

मालवणी माणूस:
जागा हवी, हे बरोबर. तोपर्यंत बूच मारून ठेवा.

गॅरेजवाला, लांजा:
मासळी झाली असेल तर ब्रेककडे येऊया. घाटवाट, लिव्हर मुठीकडे सरकतो हे लक्षण युनिटचं असू शकतं, पण मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग) आतलं रबर गेलं तरी हुबेहूब हेच होतं. आधी मास्टर सिलिंडरचं रबरांचं किट टाकून पाहिलं होतं का?

घाटवाट:
किट नाही. पाइप जोडताना अख्खा मास्टर सिलिंडरच नवा टाकला. त्याच दिवशी.

गॅरेजवाला, लांजा:
म्हणजे दोन्ही एकदम बदललं. मग दोष कशात होता ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

जांभेवाला, तुमचंही सगळं पटत नाही. युनिट आतून खरंच गळत असेल तर ते गाडीवर ठेवणं जास्त वाईट. मी स्वतः दोन गाड्यांचं काढलंय. पण अर्धवट काम नको: योग्य लांबीचे पाइप, पाइपाच्या टोकाच्या प्रत्येक बँजो बोल्टला (ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे नवे वायसर. कोणी जुनेच वायसर फिरवून लावतात, ते महिन्याभरात पाझरतात. आणि २०११ला आलेल्या सीबीआर २५० आरसारखं जोडलेलं एबीएस असेल तर हात लावू नका. पाय ब्रेक दाबला की तिथे पुढचाही थोडा लागतो, सरळ पाइप टाकून ते गणित जमत नाही.

नुसता दिवा पेटलेला असेल तर काढायची गरजच नसते. बहुतेक गाड्यांत एबीएस स्वतःच बंद होतं आणि ब्रेक साध्यासारखा चालत राहतो.

जांभेवाला:
गळणाऱ्या युनिटचं मान्य. ते मी लिहायला हवं होतं. वळणात साधं एबीएस सावरत नाही आणि सुट्या खडीवर थांबायला वेळ लागतो, हेही खरं. पण घाटवाट, तुम्ही "माझं गळत होतं" असं लिहिलं नव्हतंत, "सगळ्यांनी काढा" असं लिहिलं होतंत. कायद्याचंही बघा. परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२ए कलमात मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

घाटवाट:
दंडाची भीती दाखवू नका, हातखंब्याला पाणी सांडणाऱ्याला कोणी पकडलं नाही. पण "सगळ्यांनी" हा शब्द चुकला. खोडतो. मास्टर सिलिंडरचं मला त्या गॅरेजवाल्याने सांगितलंच नाही, याचा राग आहे. युनिट पडवीत खोक्यात आहे. परत बसवून बघता येईल का?

गॅरेजवाला, लांजा:
पाइपाची तोंडं बंद करून ठेवलंय का?

घाटवाट:
नाही. मेपासून तसंच आहे.

गॅरेजवाला, लांजा:
अख्खा पावसाळा उघडं राहिलं तर आत गंज धरला असणार. तरी आणा. मी उघडून दाखवतो, तुम्ही समोर बसा. मंगळवारी दुकान बंद असतं, तो दिवस सोडून कधीही.

घाटवाट:
रविवारी येतो.