मदत हवी आहे: ॲम्बॅसॅडरच्या इंजिनातून ऑइल गळतंय

मंडळी, इंदूरच्या रामबागेतून लिहितोय. बाबांच्या १९७२च्या मार्क टू मॉडेलच्या इंजिनातून, तेच जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल, दोन जागी ऑइल गळतंय. पुढे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीमागे आणि मागे क्लच हाउसिंगखाली.

पुढचं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रिंग, टायमिंग कव्हरमधलं, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणातलं. पुली काढली तर सीलची कड घासते तिथे नखाला लागेल एवढी खाच पडलीये. नुसतं नवं सील ठोकून ते टिकणार नाही. पुलीवर पातळ स्टीलची स्लीव्ह नीट बसवून देणारा टर्नर इंदुरात कुणाच्या माहितीत आहे का? सियागंज बाजारात विचारून झालं.

मागचं जास्त छळतंय. मिस्त्री म्हणतात, ‘मागचं सील बदलू.’ पण या इंजिनाला मागे रबरी सील नाहीच! क्रँकवर कोरलेले आटे ऑइल परत चेंबरमध्ये ढकलतात. ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, चोंदला की आत दाब वाढतो आणि ऑइल बाहेर येतं, म्हणून आधी तो साफ करतोय. तरीही गळालं, तर क्रँक ज्यांवर फिरतो त्या मेन बेअरिंगची झीज पाहायला इंजिन उतरवावंच लागेल का? स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा. दसऱ्याला बाबांना या गाडीतून फिरवायचंय.